मऊ मांस, कठीण मांस आणि एक जनुक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, टेक्सास व फ्लोरिडाच्या कुरणांवर, उंच वशिंडाची आणि गळ्याखाली लोंबती पोळी असलेली गुरे चरताना दिसतात. त्यांना ‘ब्राह्मन’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९२६ पर्यंत तिकडे गेलेल्या गीर, कांक्रेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या गुरांपासून हा वाण सिद्ध झाला. ऊन, गोचीड आणि निकृष्ट चारा ही गुरे सहन करतात. अँगस व हियरफर्ड या युरोपीय वाणांना ते साधत नाही. म्हणून दोहोंचा संकर मांसोत्पादनासाठी तेथे रूढ झाला.

या संकरात एक उणीव मात्र आढळून आली. वशिंडाच्या गुरांचा अंश जसजसा वाढतो तसतसे मांस कठीण होते. याचे कारण स्नायूंतच आहे. जनावर मारल्यावर मांस काही दिवस थंड जागी ठेवतात. त्या काळात ‘कॅल्पेन’ नावाचे एंझाइम कॅल्शियमच्या साहाय्याने स्नायुतंतूंतील प्रथिने तोडते आणि मांस मऊ होत जाते. ‘कॅल्पास्टॅटिन’ हे दुसरे प्रथिन कॅल्पेनला आवर घालते. वशिंडाच्या गुरांत त्याचा जोर अधिक असतो.

पैदासकाराची खरी अडचण निराळीच आहे. मांसाचा मऊपणा मोजावयाचा तर शिजवलेला तुकडा पात्याने कापून त्यास लागणारे बळ पाहावे लागते. आणि ज्या वळूचे मांस असे तपासले, त्याची प्रजा पुढे कोठून मिळणार? त्याच्या संततीची परीक्षा करावी तर वर्षे जातात. जनुकांतील भेद मात्र शेपटीच्या केसांच्या मुळांतूनही वाचता येतो.

असा एक भेद २००२ साली प्रसिद्ध झाला. कॅल्पेन-१ या प्रथिनाच्या ३१६व्या स्थानी काही गुरांत अ‍ॅलानिन, तर काहींत ग्लायसीन असते. अ‍ॅलानिनवाल्यांचे मांस सरासरीने अधिक मऊ. परंतु वशिंडाच्या गुरांत अ‍ॅलानिनचे रूप इतके विरळ की ही कसोटी तेथे जवळजवळ मुकी ठरली. सर्वच उमेदवार सारखे, तर निवड कशातून करावयाची?

२००५ साली त्याच जनुकातील ४७५१ या क्रमांकाचा भेद पुढे आला. त्याने प्रथिनाची घडण बदलत नाही. मैलाच्या दगडाप्रमाणे ती केवळ खूण आहे. पण तिची दोन्ही रूपे युरोपीय गुरांत, वशिंडाच्या गुरांत आणि त्यांच्या संकरांतही सापडतात, हे तिचे मोल.

एका खुणेचा वाटा अर्थातच लहान. मऊपणावर इतर अनेक जनुकांचा परिणाम होतो. मांस फार लवकर गार केले तरी स्नायू आखडून ते कठीण होते. तथापि अनुकूल रूप धारण करणारे वळू ब्राह्मन वाणातही असतात. ते शोधून काढता येत असल्यामुळे मऊ मांसासाठी कळपातील ब्राह्मनचा अंश कमी करणे, आणि त्याबरोबर उन्हाला टिकण्याची शक्ती गमावणे, हाच एक मार्ग आता पैदासकारापुढे उरलेला नाही.