छातीतील कळ आणि रक्ताची साक्ष

डोंबिवलीहून किंवा कल्याणहून सकाळची जलद लोकल धरणाऱ्या चाकरमान्याच्या छातीत जेव्हा कळ येते, तेव्हा रात्रीचे जेवण, अपुरी झोप, गर्दीतली रेटारेटी अशी नाना कारणे त्याला तत्काळ सुचतात, आणि पित्त झाले असेल अशी स्वतःची समजूत घालून तो कचेरीची वेळ गाठण्याच्या खटपटीस लागतो. दोष त्याचा एकट्याचा नव्हे. पित्ताची जळजळ आणि हृदयाची वेदना यांतील भेद अनुभवी डॉक्टरांसही नुसत्या वर्णनावरून पुष्कळदा करता येत नाही. आणि स्त्रिया व मधुमेही यांच्या बाबतीत तर कित्येकदा दम लागणे, घाम फुटणे एवढीच काय ती लक्षणे असतात.

छातीत कळ आलेला रुग्ण इस्पितळाच्या दारात आल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत आलेख, निघालाच पाहिजे, असा दंडक आहे. त्या आलेखात रक्तवाहिनी बंद पडल्याची खूण स्पष्ट दिसली, तर रक्ताच्या अहवालासाठी उपचार खोळंबून ठेवता कामा नयेत. परंतु हृदयविकाराच्या कित्येक झटक्यांत आलेख प्रारंभी निर्दोष किंवा संदिग्ध असतो, आणि तेथे ट्रोपोनिनची साक्ष काढावी लागते.

स्नायूंच्या आकुंचनाचे नियमन करणारे हे प्रथिन जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी १९६०च्या दशकात उजेडात आणले. हृदयाच्या स्नायूतील त्याचा प्रकार अन्य स्नायूंतील प्रकाराहून भिन्न असल्यामुळे, तो रक्तात वाढला की इजा हृदयाला झाली हे कळते. हृदयविकाराच्या निदानासाठी १९५४ साली पुढे आलेल्या एसजीओटी या रक्ततपासणीस, यकृताच्या विकारातही तिचा आकडा वाढत असल्याने, अशी ग्वाही देता येत नसे.

झटपट तपासणीची पट्टी दिसावयास साधी असते. प्लास्टिकच्या खोबणीत रक्ताचे काही थेंब सोडावयाचे, १५ ते २० मिनिटे थांबावयाचे. ‘सी’ या अक्षरापुढे एकच रेघ उमटली तर ट्रोपोनिन आढळले नाही, ‘टी’पुढेही उमटली तर आढळले, आणि ‘सी’पुढची रेघच न उमटल्यास ती पट्टी बाद. मात्र या सोयीत एक धोका आहे व त्याविषयी आग्रहाने लिहिणे मला अगत्याचे वाटते. इजा झाल्यानंतर ट्रोपोनिन अशा पट्टीवर दिसण्याइतके वाढावयास काही तास लागतात. सबब अर्ध्या तासापूर्वी कळ आलेल्या माणसाच्या हाती पडलेला ‘निगेटिव्ह’ अहवाल म्हणजे हृदय सुखरूप असल्याचा दाखला नव्हे. मोठ्या यंत्रांवरील अतिसंवेदनशील तपासणी लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतके अत्यल्प प्रमाणही मोजते. तरीही बहुतेक वेळा १ ते ३ तासांनी दुसरा नमुना घेऊन आकडा चढला की स्थिर राहिला हे पाहावे लागते, कारण मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात तो मुळातच वाढलेला असू शकतो.

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिकांची इस्पितळे म्हणजे सामान्य कुटुंबाचा पहिला आसरा. तेथे ही तपासणी रात्रंदिवस, दुसऱ्या नमुन्यासह मिळणे ही चैन नसून निकड आहे, आणि तिच्या तरतुदीत हयगय होता कामा नये. वाचकांस विनंती एवढीच, की छातीत कळ आल्यास १०८ क्रमांकावर फोन करावा, ती किती वाजता सुरू झाली हे डॉक्टरांना नेमके सांगावे, आणि डॉक्टरांनी दुसऱ्या नमुन्यासाठी थांबावयास सांगितले असता, पहिला अहवाल चांगला आला म्हणून घरी जाण्याची घाई करू नये.