विधी प्रवेश परीक्षेचा अभ्यास : दोन महिने की एक वर्ष?

बी.ए. झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न आपल्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षापासूनच कानावर पडू लागतो. बी.एड., पोलीस भरती, तलाठ्याची परीक्षा अशी उत्तरे तयारच असतात. वकिलीचे नाव मात्र क्वचित निघते. खेड्यात कोर्टकचेरीची कामे नाहीत म्हणावे, तर तसेही नाही. आमच्या नाकाडोंगरीच्या आसपास जंगल आहे, चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, आणि बाकी सारी धानाची शेती. तेव्हा २००६ च्या कायद्याखालील वनहक्काचे दावे, कामगारांच्या तक्रारी, जमिनीचे फेरफार आणि बांधावरची भांडणे हे सारे ओघाने आलेच. वकिलाकडे जाणारे पुष्कळ आणि वकील होणारे थोडे, याचे एक कारण मला असे दिसते की, त्या वाटेची माहिती आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कुणालाच नसते. प्रस्तुत लेखात त्या वाटेवरच्या पहिल्याच फाटकाचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, विचार करावयाचा आहे.

या परीक्षेसाठी किती अभ्यास लागतो, असे मी अनेकांना विचारले. कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका ओळखीच्या मुलाने ‘दोन महिने पुरे’ असे सांगितले. एका खाजगी क्लासच्या माहितीपत्रकात ‘पूर्ण एक वर्ष’ असे छापले होते. आणखी एका वडीलधाऱ्या गृहस्थांचा सल्ला असा की, आधी पदवी घे, मग वर्षभर घरी बसून मन लावून अभ्यास कर. तिन्ही माणसे शहाणी आणि तिन्ही उत्तरे निराळी! खरे कोणते?

उत्तर शोधण्यापूर्वी परीक्षा कशी असते ते पाहू. महाराष्ट्रात विधी अभ्यासक्रमासाठी सामाईक प्रवेश परीक्षा २०१६ सालापासून सुरू झाली. ती राज्याचा सीईटी कक्ष घेतो. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा वेगळी आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएल.बी.ची वेगळी. आपल्याला लागू पडते ती दुसरी. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यालाही ती देता येते. पदवीला मात्र खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, राज्यातील इतर मागास प्रवर्गासाठी ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. म्हणून प्रवेश परीक्षेच्या नादात बी.ए.कडे दुर्लक्ष झाले, तर तेलही गेले आणि तूपही गेले, अशी गत व्हायची.

पेपर संगणकावर द्यावा लागतो. पूर्वी त्यात १५० प्रश्न असत, आता १२० आहेत आणि वेळ दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. त्यांत कायद्याविषयीची जाण व तर्क यावर २४, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी यांवर ३२, बुद्धिमत्ता व विश्लेषणावर २४ आणि इंग्रजीवर ४० प्रश्न असतात. चुकलेल्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवण्याचे कारण नाही. इंग्रजीचा भाग सोडला तर बाकीचे प्रश्न मराठीतूनही वाचता येतात. आपल्यासारख्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना हा मोठाच आधार आहे. पण पेपरचा तिसरा हिस्सा इंग्रजीचा आहे, हेही विसरून चालणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अभ्यास महिन्यांत मोजला की घोटाळा होतो, कारण प्रत्येकाचा महिना सारखा नसतो. कुणाच्या महिन्यात दीडशे-दोनशे तास रिकामे असतात, तर कुणाच्या महिन्यात चाळीससुद्धा निघत नाहीत. म्हणून मी तासांचा हिशेब मांडला. प्रथम एक जुन्या धर्तीचा पेपर घड्याळ लावून सोडवला. कायद्याच्या भागात २४ पैकी १७, सामान्य ज्ञानात ३२ पैकी १९, बुद्धिमत्तेत २४ पैकी १३ आणि इंग्रजीत ४० पैकी १६ असे एकूण ६५ गुण पडले. जिथे भोक मोठे तिथे ठिगळही मोठे लावावे लागते. त्यानुसार मी इंग्रजीला ९० तास, सामान्य ज्ञानाला ७०, कायद्याला ५० आणि बुद्धिमत्तेला ५० तास दिले. शिवाय सरावाचे २० पेपर, प्रत्येकी दोन तास सोडवायला आणि एक तास चुका तपासायला, असे ६० तास. एकूण बेरीज ३२० तास झाली. हा आकडा माझा आहे, सर्वांचा नव्हे. ज्याचे इंग्रजी चांगले आहे त्याची बेरीज दोनशेवरही थांबेल.

नंतर जमेची बाजू पाहिली. महाविद्यालय, एस.टी.चा प्रवास आणि घरकाम वजा जाता मला रोज दीड तास मिळतो. सोमवार ते शुक्रवार साडेसात तास आणि शनिवार-रविवार मिळून अडीच तास, म्हणजे आठवड्याला १० तास. वर्षाचे आठवडे ५२. त्यांतून रोवणीचे ४ गेले, धानाची कापणी आणि मळणी यांचे ५ गेले, विद्यापीठाच्या दोन सत्र परीक्षांचे ८ गेले, सणवार, लग्नकार्य आणि आजारपणाचे ३ गेले. उरले ३२. आठवड्याला १० तासांप्रमाणे झाले ३२० तास!

या मुलाकडे मात्र परीक्षेपूर्वी रोज सहा तास मोकळे होते. ३२० ला सहाने भागले तर ५३ दिवस येतात, म्हणजे दोन महिन्यांच्या आतच. त्याचे ‘दोन महिने’ आणि क्लासचे ‘एक वर्ष’ यांत तसे भांडण नाहीच. धान तेवढेच, एकाने बैलबंडीने नेले आणि दुसऱ्याने डोक्यावरून. फरक इतकाच की, डोक्यावरून नेणाऱ्याने पहाटे लवकर निघाले पाहिजे.

तासांच्या या हिशेबाला एक मर्यादाही आहे. सर्व विषयांचे तास सारख्या जातीचे नसतात. बुद्धिमत्तेचे प्रश्न सलग पंधरा दिवस सोडवले तर हात बसतो. संविधानातील मूलभूत हक्कांचा तिसरा भाग, मार्गदर्शक तत्त्वांचा चौथा भाग आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेली मूलभूत कर्तव्ये, एवढे दोन-तीन आठवडे नेटाने वाचता येते. ज्यांचा राज्यशास्त्र हा विषय आहे त्यांचे तर हे अर्धे काम वर्गातच होऊन जाते. इंग्रजीचे तसे नाही. भाषा रोज थोडी थोडी मुरते. रोज पाऊण तास इंग्रजी वाचणाऱ्याला चार महिन्यांत जे साधते, ते एका आठवड्यात ९० तास कोंबून साधत नाही. चालू घडामोडींचेही असेच. त्या घडतातच रोज, तेव्हा वाचायच्याही रोज. आपल्या वाचनालयातील वर्तमानपत्र आणि आकाशवाणीच्या बातम्या यांतून ते काम फुकटात होते. म्हणून ज्याचे इंग्रजी माझ्यासारखे कच्चे आहे, त्याने वेळ भरपूर असला तरी दोन महिन्यांवर विसंबू नये, असे मला वाटते.

या संदर्भात अठरा तासांच्या अभ्यासाची आठवण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीनिमित्त आपल्या राज्यातील अनेक महाविद्यालयांत सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम होतो. त्यामागची भावना थोर आहे, आणि एका जागी बसण्याची शक्ती आपल्यात किती आहे हेही त्यातून कळते. पण कुणी भागाकार करून ‘३२० तास म्हणजे अठरा दिवस’ म्हणू लागला, तर ते बाबासाहेबांचे अनुकरण ठरणार नाही. बाबासाहेबांनी १९१६ साली लंडनच्या ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली, पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. दिवसाचे अठरा तास आपल्या डोळ्यांत भरतात, पण मधली तुटलेली वर्षे आणि पुन्हा जोडलेला धागा आपण विसरतो. रोवणीसाठी चार आठवडे पुस्तक मिटावे लागणाऱ्या विद्यार्थ्याला या दुसऱ्या गोष्टीतूनच जास्त धीर येतो.

आता राहिला तिसरा सल्ला, पदवीनंतर वर्षभर घरी बसण्याचा. ज्याच्या घरी ते परवडते त्याने तसे खुशाल करावे. पण आमच्या वस्तीत घरी बसलेल्या मुलाला लोक ‘रिकामा’ म्हणतात आणि घरी बसलेल्या मुलीसाठी स्थळे येऊ लागतात. माझ्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. आईबाबा मला शिकवायला तयार आहेत, पण एक वर्ष नुसते अभ्यासाला म्हणून मागितले तर ते वर्ष माझे राहीलच अशी खात्री मला देता येत नाही. मी या हिशेबात एवढी शिरले ते यासाठीच. दुसऱ्या वर्षातच सुरुवात केली तर तिसऱ्या वर्षाला परीक्षा देता येते आणि मधले वर्ष कुणापाशी मागावेच लागत नाही. रोजचा दीड तास मला कुणी नाकारणार नाही.

लवकर सुरुवात करण्याचे आणखी एक कारण आहे. परीक्षेची तारीख ठरावीक नसते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची ही परीक्षा २०२३ साली मे महिन्यात झाली, तर २०२४ साली मार्चमध्येच. मे धरून चालणाऱ्याचे सात आठवडे हातचे गेले. म्हणून हिशेब नेहमी मार्च धरून करावा. परीक्षा पुढे गेली तर सरावाला वेळ मिळेल. मोहफुलाचा हंगामही आड येणार नाही.

दोन व्यावहारिक सूचना करून लेख आवरता घेते. पहिली पुस्तकांची. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा यांचे कायदेही त्याच दिवशी बदलले. तेव्हा ताई-दादांची जुनी मार्गदर्शके स्वस्तात मिळाली तरी कायद्याच्या भागासाठी ती वापरू नयेत. इंग्रजी व बुद्धिमत्तेसाठी मात्र ती चालतील. दुसरी सूचना संगणकाची. आपल्यापैकी अनेकांनी भ्रमणध्वनीपलीकडे संगणक फारसा हाताळलेला नाही. सरावाच्या वीस पेपरांपैकी चार-पाच तरी संगणकावर सोडवावेत. प्राध्यापक महोदयांनी शनिवारी दोन तास संगणक कक्ष उघडा ठेवला, तर आम्हा खेड्यांतल्या विद्यार्थ्यांवर मोठे उपकार होतील.

मित्रमैत्रिणींनो, कुणी दोन महिने म्हणतो की वर्ष, याकडे कान देऊ नका. एक रविवार काढा, घड्याळ लावून एक पेपर सोडवा, आपली भोके मोजा आणि आपल्या आठवड्यातले मोकळे तास मोजा. एकाला दुसऱ्याने भागले की तुमचे उत्तर तुमच्याच वहीत निघेल. ज्याचे उत्तर मोठे येईल त्याने निराश न होता तेवढे आधी निघावे. पऱ्हे वेळेवर टाकले तरच रोवणी वेळेवर होते, हे आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या मुलांना कुणी वेगळे सांगायला नको.