मोटरमनच्या मनावरचा आघात

मानसिक आघाताचा वैद्यकीय अभ्यास रणांगणावर सुरू झाला असा समज असला, तरी त्याचा एक जुना उगम रेल्वेत आहे. जॉन एरिक एरिकसन या लंडनच्या शल्यविशारदाने १८६६ मध्ये रेल्वे अपघातांतून वाचलेल्या, बाहेरून फारशी इजा न दिसणाऱ्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांच्या निद्रानाशाचे व विस्मरणाचे मूळ पाठीच्या कण्याला बसलेल्या हादऱ्यात शोधले. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज या एका रेल्वे कंपनीच्याच शल्यविशारदाने मात्र अशा लक्षणांमागे निव्वळ भीतीही असू शकते असे मांडले. हे मत कंपनीच्या सोयीचे होते, तरीही भीतीने माणूस खरोखर आजारी पडतो हा विचार त्यामुळे पुढे सरकला. ‘आघातोत्तर तणाव विकार’ हे निदान अधिकृत व्हायला १९८० साल उजाडले.

असा आघात केवळ प्रवाशांनाच नव्हे, तर गाडी चालवणाऱ्या मोटरमनलाही बसतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत सर्वसाधारण वर्षात रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि इतर कारणांनी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात. पोलादी चाक व पोलादी रूळ यांच्यातील घर्षण कमी असल्याने भरधाव लोकल आपत्कालीन ब्रेक लावूनही शेकडो मीटर पुढे जाते; म्हणजे समोर आलेला माणूस मोटरमनला दिसतो, परंतु वाचवता येत नाही. ही असहायता आघात खोल करते. अशा क्षणी मेंदूतील अमिग्डाला हे भयसूचना देणारे केंद्र उद्दीपित होते, ॲड्रिनलिनसारख्या संप्रेरकांमुळे ते दृश्य घट्ट कोरले जाते, आणि पुढे हॉर्नचा आवाज किंवा तेच वळणही छातीत धडधड निर्माण करण्यास पुरेसे ठरते. बहुतेकांची ही अवस्था काही आठवड्यांत ओसरते. महिन्याहून अधिक काळ टिकून ती जगणे अवघड करू लागली, तर विकाराचा विचार करावा लागतो.

मग संस्थेने काय करावे? १९८० च्या दशकात, घटनेनंतर लगेच बैठकीला बसवून मन मोकळे करायला लावण्याची पद्धत रूढ झाली. मात्र घटनेनंतरच्या अशा एकाच बैठकीने विकार टळत नाही आणि काहींना उलट अपाय होऊ शकतो, असे नियंत्रित चाचण्यांच्या २००२ मधील आढाव्यात दिसले. बोलायला भाग पाडणे आणि बोलावेसे वाटले तर ऐकायला कोणी असणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चांगल्या हेतूने काम करणाऱ्या व्यवस्थापनाकडूनही नेमकी इथेच गल्लत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये पुरस्कारलेल्या ‘मानसिक प्रथमोपचारा’त सुरक्षितता, विश्रांती, व्यावहारिक मदत व आप्तांशी संपर्क यांवर भर आहे.

आघातानंतर आधार न मिळणे हा विकाराचा धोका वाढवणारा एक प्रबळ घटक आहे. म्हणूनच घटनेनंतर मोटरमनला त्याच पाळीत गाडी पुढे न्यायला लावणे, किंवा आवश्यक चौकशीत त्याला आरोपीसारखे वागवणे, हा केवळ रूक्षपणा नसून आरोग्याला अपाय आहे. लक्षणे टिकल्यास आघातकेंद्री वर्तनोपचार परिणामकारक ठरतात: त्यांत भयाची स्मृती पुसली जात नाही, तर तज्ज्ञाच्या सोबतीने तिला पुनःपुन्हा सामोरे जाताना सुरक्षिततेची नवी स्मृती तिच्याशेजारी घडत जाते. कामावर परतलेल्या मोटरमनच्या केबिनमध्ये पहिल्या काही फेऱ्यांना एखादा जुना सहकारी उभा राहिला, तर तेच वळण, तोच हॉर्न आणि काहीही न घडता पार पडलेला प्रवास यांतून तशीच नवी स्मृती रुळांवरही घडू शकते.