टपालाचे खण व ई-मेलचे नियम

पूर्वीं एकादें पत्र आपल्या दारीं येई, तें वाटेंत कित्येक हातांनीं निवडलें जाऊन येई. तीं निवडणारीं माणसें आपणांस दिसत नसत, म्हणून त्यांच्या कामाची किंमतही आपण फारशी केली नाहीं. आतां पत्रें ई-मेलनें येऊं लागलीं आहेत, आणि शाळेची सूचना, बँकेची पावती, दुकानदाराची जाहिरात व परीक्षेचें प्रवेशपत्र हीं सारीं एकाच पेटींत एकापाठोपाठ एक येऊन पडतात. निवडीचें काम आतां ज्याचें त्यानें करावयाचें आहे. तें कसें करावें हें शेलू, वांगणी, नेरळ या बाजूनें येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावें, एवढ्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

शेलूवरून जाणारा लोहमार्ग 1856 सालीं खोपोलीपर्यंत पोंचला. पुढें अलाहाबाद व कानपूर यांच्या दरम्यान धावत्या आगगाडींत टपाल निवडण्याची व्यवस्था झाली, व तीच पुढें रेल्वे मेल सर्व्हिस या नांवानें देशभर पसरली. डब्याच्या भिंतीस लहान लहान खण असत. कर्मचारी त्यांच्यासमोर उभा राहून गठ्ठ्यांतील एक एक पत्र उचली, पत्ता वाची आणि तें नेमक्या खणांत टाकी. गाडी हिंदकळत असे. आणि पत्त्याचें अक्षर, तें तर ज्याच्या त्याच्या वळणाचें! कोणतें गांव कोणत्या टपालकचेरीखालीं येतें हें त्यास पाठ असावें लागे. आमचेंच उदाहरण घ्या. शेलू हें रायगड जिल्ह्यांत आहे. सेलू नांवाचें तालुक्याचें गांव परभणी जिल्ह्यांत आहे, आणि दुसरें वर्धा जिल्ह्यांत आहे. इंग्रजी अक्षरांत घाईनें लिहिलेल्या पत्त्यावरून उल्हास नदीकांठचें पत्र मराठवाड्यांत जाण्यास कितीसा अवकाश?

या अडचणीवर उपाय काढला तो एका मराठी गृहस्थांनीं. रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृताचे कवि व नाटककार, आणि त्याच वेळीं केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यांतील वरिष्ठ अधिकारी होते. त्यांच्या कल्पनेंतून 15 ऑगस्ट 1972 रोजीं सहा आंकड्यांचा पिन कोड सुरू झाला. नेरळचा पिन 410101 आहे. त्यांतील पहिला 4 हा आंकडा महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग सांगतो. पहिले दोन मिळून त्यांतील उपविभाग, पहिले तीन मिळून टपाल निवडण्याचा जिल्हा, आणि शेवटले तीन म्हणजे पत्र वाटणारी टपालकचेरी. म्हणून कर्जतचा 410201 व माथेरानचा 410102 हे एकाच 410 मध्यें येतात; परभणीचा पिन 431 नें व वर्ध्याचा 442 नें आरंभ होतो, आणि शेलू-सेलूचा घोंटाळा उरत नाहीं. पत्रांत काय लिहिलें आहे हें निवडणारास कळण्याची गरज पडत नाहीं. पत्ता तेवढा वाचावयाचा. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

ई-मेलचा पत्ताही असाच घडविलेला आहे. 1971 सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन यांनीं एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडलें, तेव्हां व्यक्तीचें नांव व संगणकाचें नांव वेगळें दिसावें म्हणून त्यांनीं मध्यें ॲट हें चिन्ह घातलें. चिन्हाच्या डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचें घर. पाठविणारा आपलें नांव म्हणून वाटेल तें लिहूं शकतो. म्हणून नांवावर न जातां उजवीकडचा भाग वाचण्याची संवय मुलांनीं लावून घ्यावी.

आतां नियमाकडे वळूं. जीमेलमध्यें यास फिल्टर म्हणतात, आउटलुकमध्यें नियम. नांव कोणतेंही असो, हा पेटीच्या तोंडाशीं बसविलेला एक न थकणारा कारकून होय. त्यास दोन गोष्टी सांगाव्या लागतात : पत्र कोणत्या लक्षणाचें असेल, व तसें असल्यास त्याचें काय करावें. पाठविणारा कोण, विषयाच्या ओळींत काय आहे, मजकुरांत अमुक शब्द आहे कीं नाहीं, सोबत एकादी फाईल जोडली आहे काय, हीं लक्षणें तो पाहतो. मग सांगाल त्याप्रमाणें तो पत्रावर चिठ्ठी लावितो, तारा लावितो, दुसऱ्या कप्प्यांत नेतो, किंवा कचऱ्यांत टाकतो. विचार मात्र तो करीत नाहीं. डब्यांतील कर्मचारी शंका आल्यास क्षणभर थांबून पत्ता पुनः वाचूं शके. हा कारकून कधीं थांबत नाहीं.

आमच्या माहितीचे एक पालक आहेत. शिकवणीवर्गांच्या जाहिराती त्यांच्या पेटींत रोज येत, आणि प्रत्येकींत ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द असे. त्रासून त्यांनीं नियम केला कीं, हा शब्द असलेलें पत्र परस्पर कचऱ्यांत जावें. पेटी निर्मळ झाली. दोन महिन्यांनीं मुलीच्या खऱ्याखुऱ्या शिष्यवृत्तीच्या अर्जाविषयीं पत्र आलें कीं, दाखल्याची प्रत अस्पष्ट आहे, आठ दिवसांत दुसरी पाठवावी. तेंही त्याच वाटेनें गेलें. मुदत टळली व त्या वर्षाची रक्कम बुडाली. नियमानें तर आज्ञा तंतोतंत पाळली होती! शब्दावर बांधलेला नियम जाहिरातवाल्यास व अधिकाऱ्यास एकाच मापानें मोजतो; पत्त्यावर बांधलेला नियम दोघांस वेगळें करतो. त्या वर्गांचे पत्ते पाहून, ॲटच्या उजवीकडील भागावर नियम केला असता तर मुलीचें पत्र वांचलें असतें. कचऱ्यांत टाकण्याची आज्ञा नियमास देऊंच नये, असें आमचें मत आहे. फार तर पत्र बाजूच्या कप्प्यांत न्यावें. तेथून तें परत काढतां येतें.

नियम पक्का करण्यापूर्वीं त्याची परीक्षाही घेतां येते. जीमेलमध्यें, संगणकावर बसून, शोधाच्या चौकटीच्या उजव्या टोकाशीं असलेलें चिन्ह दाबावें, लक्षणें भरावीं, आणि फिल्टर करण्याऐवजीं आधीं नुसता शोध करावा. त्या लक्षणांत बसणारीं जुनीं पत्रें समोर येतात. त्यांत एक जरी नको असलेलें पत्र दिसलें, तरी लक्षण सुधारून घ्यावें. या कामास पांच मिनिटें पुरतात.

कागदी पत्र एका वेळीं एकाच खणांत राहूं शकतें. 2004 सालीं निघालेल्या जीमेलनें कप्प्यांऐवजीं लेबल, म्हणजे चिठ्ठी, पत्करली. एका पत्रास हव्या तितक्या चिठ्ठ्या लावाव्या. आमच्या हजेरीपटांत एकच मुलगी नववीची असते, शेलूहून येणारी असते, आणि कबड्डीच्या संघांतही असते. वर्गशिक्षकांस एक यादी हवी, क्रीडाशिक्षकांस दुसरी. तेवढ्यासाठीं मुलीचे तीन तुकडे कोणी करीत नाहीं! यादी निराळी, पट एकच. ई-मेलमध्यें यासच दृश्य म्हणावें. आउटलुक व थंडरबर्ड यांत एकादा शोध कायमचा जतन करून ठेवितां येतो, उदाहरणार्थ, ‘शाळेकडून आलेलीं, अद्याप न वाचलेलीं, सोबत फाईल असलेलीं’. तें दृश्य उघडलें कीं तेवढींच पत्रें दिसतात. पत्र मात्र जागचें हलत नाहीं. म्हणून जेथें दृश्यानें भागतें तेथें पत्रें हलविण्याचा नियम करूं नये. कित्येकांस कप्पे करण्याचा भारीच उत्साह असतो; चाळीस कप्पे झाले म्हणजे पत्र कोठें ठेविलें हें शोधण्यास एकेचाळिसावा लागतो.

नियम अनेक झाले तर त्यांचा क्रमही पाहावा. आउटलुकमध्यें ते वरून खालीं लागू होतात, व ‘यापुढील नियम लावूं नयेत’ असेंही सांगतां येतें. शाळेकडून आलेल्या पत्रांचा नियम वर ठेवावा, जाहिरातींचा खालीं.

आपण एकही नियम केला नसला तरी पेटी स्वतः निवड करीतच असते. जीमेल 2013 पासून जाहिराती वेगळ्या पानावर लावितें, आणि संशयित पत्रें स्पॅममध्यें ढकलतें. तीं 30 दिवसांनीं नाहींशीं होतात. अर्ज भरण्याच्या दिवसांत हीं दोन्ही ठिकाणें रोज उघडून पाहावीं. ज्या कचेरीकडून पत्र येणार तिच्या पत्त्यावर ‘कधींही स्पॅममध्यें पाठवूं नये’ असा फिल्टर करून ठेवावा. आणखी एक. पुष्कळ अर्जांवर सायबर कॅफेवाल्याचाच ई-मेल पत्ता लिहिलेला आम्हांस आढळतो. त्या पेटींत कोणता नियम चालतो हें पाहणें आपल्या हातीं नसतें. अशा पालकांनीं नवा अर्ज भरण्यापूर्वीं स्वतःच्या नांवाची पेटी उघडून घ्यावी, तिचा परवलीचा शब्द घरच्या वहींत लिहून ठेवावा, आणि तोच पत्ता शाळेच्या दप्तरीं कळवावा.