पक्षी दोन हजार, पक्षी दोन लाख

24 मार्च 1989 रोजी अलास्काच्या किनाऱ्याजवळ ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ हे एक्सॉन कंपनीचे टँकर जहाज खडकावर आदळले आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात पसरले. मेलेल्या पक्ष्यांची भरपाई कोणत्या बाजारभावाने मोजणार? म्हणून लोकांनाच विचारायचे ठरले.

त्या वादात एक सर्वेक्षण गाजले. तेलाच्या उघड्या तळ्यांत मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला तुम्ही किती द्याल? एका गटाला पक्षी 2,000 सांगितले, दुसऱ्याला 20,000, तिसऱ्याला 2,00,000. सरासरी उत्तरे आली 80, 78 आणि 88 डॉलर! अभ्यासाला पैसा एक्सॉनचा होता, हे विसरू नये. तरीही मला वाटते, लोक खोटे बोलत नव्हते. कणव खरी होती, ती डॉलरमध्ये सांगायची सवय मात्र कोणालाच नव्हती.

1993 मध्ये केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेलविजेत्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवले, की आकडा विचारूच नका. ठरावीक रक्कम सांगा, मतदानासारखे हो-नाही घ्या आणि तेवढा पैसा घरच्या इतर खर्चातून जाईल याची आठवण द्या. आजच्या निवड-प्रयोगांत पर्यायांची कार्डे समोर ठेवतात. तिथेही ‘आहे तसेच राहू द्या’ हे कार्ड वगळले, तर पैसे द्यायची तयारी फुगलेली दिसू शकते.