काळा बिबट्या : समज आणि वास्तव (धाराशिव जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो कि.मी. अंतर कापून आला होता. बिबट्याचा वावर तर जिल्ह्यात आहेच. अशा भयग्रस्त वातावरणात 'ब्लॅक पँथर' दिसल्याची वार्ता सहज पसरू शकते. तिची शहानिशा कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
'ब्लॅक पँथर' ही स्वतंत्र प्रजाती नव्हे. आशिया व आफ्रिकेत तो बिबट्या असतो, तर अमेरिका खंडात जग्वार. मेलॅनिन या रंगद्रव्याच्या आधिक्यामुळे कातडी काळी होते; मात्र योग्य प्रकाशात तिच्यावरील ठिपके दिसतात. बिबट्यामध्ये हे लक्षण अप्रभावी, तर जग्वारमध्ये प्रभावी जनुकामुळे येते. त्यामुळे ठिपकेदार बिबट्यांच्या जोडीलाही काळे पिल्लू होऊ शकते.

आढळ :
काळे बिबटे प्रामुख्याने दमट, घनदाट अरण्यांत आढळतात. मलाया द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात तर बहुतांश बिबटे काळेच आहेत. तथापि, २०१८ मध्ये ताडोबाच्या पानझडी जंगलातही काळ्या बिबट्याची छायाचित्रे घेतली गेली. म्हणून धाराशिवच्या विरळ, काटेरी वनांत त्याची शक्यता अल्प असली, तरी ती अशक्य कोटीतील म्हणता येत नाही. उत्तर अमेरिकेतील स्थिती याहून वेगळी आहे. तेथे काळे मोठे मार्जार पाहिल्याचे दावे वारंवार होतात. परंतु तेथे सर्वत्र परिचित असलेल्या प्यूमाचा एकही काळा नमुना आजवर सिद्ध झालेला नाही.

पुराव्याचा प्रश्न :
मंद प्रकाशात मानवी डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत. सायंकाळी पाठीमागून उजेड असल्यास पिवळसर बिबट्या, तरस किंवा मोठा कुत्राही काळा भासतो. पाऊलठशांवरून प्राणी ओळखता येतो, रंग नव्हे. म्हणून स्पष्ट छायाचित्र अथवा केस व विष्ठेचे जनुकीय परीक्षण हाच ग्राह्य पुरावा होय.

निष्कर्ष :
ज्याची शेळी अथवा वासरू मारले गेले, त्या पशुपालकास बिबट्याच्या रंगाने काहीही फरक पडत नाही. मृत जनावर न हलवता वन विभागास तातडीने कळविणे व पंचनामा करून घेणे, यावरच त्याची नुकसानभरपाई अवलंबून असते. रंगाच्या चर्चेत हा वेळ दवडला जाऊ नये. महाविद्यालयीन अध्यापकांनी हा भेद विद्यार्थ्यांमार्फत गावोगावी पोहोचविणे आवश्यक आहे.