वाणाची निवड : आकडेमोड संगणकावर

वाळूज परिसरात कपाशीचे दोन वाण शेजारी लावले आणि एकाचे उत्पादन जास्त आले, म्हणून तो सरस ठरत नाही. फरक जमिनीचाही असू शकतो. यासाठी शेताचे सहा पट्टे पाडून प्रत्येकात दोन्ही वाण लावावेत. जागा चिठ्ठी टाकून ठरवावी. प्रत्येक वाफ्याची वेचणी स्वतंत्र तोलून नोंदवावी. डॉ. पानसे व डॉ. सुखात्मे यांनी १९५४ च्या ग्रंथात अशा चाचण्यांची आकडेमोड समजावून दिली आहे. तीच आज 'आर' या मोफत संगणक प्रणालीवर क्षणात होते व 'क्रांतिक फरक' मिळतो. सरासरी उत्पादनांतील तफावत त्याहून कमी असल्यास महाग बियाण्यावर खर्च करू नये. मात्र नोंद चुकल्यास संगणकाचे उत्तरही चुकते, हे शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवावे.